ज्या प्रश्नावर दोन्ही पक्ष गप्प होते

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीच्या काळाची गोष्ट सांगताना हेन्री क्ले यांचे नाव फार आदराने घेतले जाते. नव्या राज्यांत गुलामगिरी असावी की नाही यावरून 1820 चा मिसूरीचा तिढा असो की 1850 चा कॅलिफोर्नियाचा, देश फुटायच्या बेतात आला की क्ले उभे राहत, मधला मार्ग काढत आणि संघराज्य तगून जाई. त्यांच्या शेजारी गुलामगिरीविरोधी चळवळीतले विल्यम लॉइड गॅरिसन किंवा अँजेलिना ग्रिम्के यांना उभे केले की ही माणसे हेकट वाटू लागतात. हेतू शुद्ध, पण व्यवहाराचे भान नाही; टोकाचे बोलून आगीत तेल ओतणारी. मुत्सद्दी शहाणे आणि सुधारक भाबडे, ही वाटणी आजही लोकप्रिय आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते. त्या तीस-चाळीस वर्षांतले जबाबदार राजकारण दारोदार फिरून अर्जांवर सह्या गोळा करणाऱ्यांनी केले. वॉशिंग्टनमधले मुत्सद्दी गुलामगिरीचा प्रश्न टाळत होते आणि त्या टाळाटाळीची किंमत भलत्याच माणसांकडून वसूल होत होती.

ही टाळाटाळ आपोआप घडलेली नव्हती. तिची योजना कागदावर सापडते. जानेवारी 1827 मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी व्हर्जिनियातले संपादक थॉमस रिची यांना एक पत्र लिहिले. दक्षिणेतले मळेवाले आणि उत्तरेतले साधे रिपब्लिकन (म्हणजे जेफरसन यांच्या जुन्या पक्षाचे, लिंकन यांच्या नव्हे) यांची जुनी युती पुन्हा बांधावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यामागचा हिशोब सरळ होता. पक्षनिष्ठा घट्ट असली की प्रांताप्रांतांतली अढी दबून राहते. पक्ष सैल पडले की गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर धावून जातात. मिसूरीच्या वादाला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी अँड्र्यू जॅक्सन निवडून आले, डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला, आणि काही वर्षांत त्याच्याविरुद्ध क्ले आणि मॅसॅच्युसेट्सचे डॅनियल वेबस्टर यांचा व्हिग पक्ष. राष्ट्रीय बँक, आयातकर, कालवे, रस्ते यांवर दोघे कडाकडा भांडले. गुलामगिरीवर मात्र राष्ट्रीय पातळीवर गप्प राहायचे, हे दोघांनाही मान्य होते, कारण दोघांनाही न्यूयॉर्कची मते हवी होती आणि जॉर्जियाचीही.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे मतदानाचे आकडे पुढे करतात. 1840 च्या निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे 80 टक्के लोकांनी मत दिले, मिरवणुका निघाल्या, लाकडी झोपड्यांच्या प्रतिकृती गाड्यांवरून फिरल्या. आकडा खरा आहे. पण पात्र कोण होते? 1821 साली न्यूयॉर्कच्या नव्या घटनेने गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि काळ्या पुरुषांसाठी 250 डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. व्हॅन ब्युरेन त्या घटनापरिषदेचे सभासद होते. 1838 मध्ये पेनसिल्व्हेनियाने काळ्या पुरुषांचा मताधिकार सरळ काढूनच घेतला. मतपेटीचा दरवाजा एका बाजूने उघडत होता तेव्हाच दुसऱ्या बाजूने बंद केला जात होता, आणि हे काम उत्तरेत, गुलामगिरी संपलेल्या किंवा संपत आलेल्या राज्यांत चालले होते.

गप्प बसण्याचा हा करार टिकला असता, जर देशाच्या सीमा होत्या तिथेच राहिल्या असत्या. पण कापसाला जमीन लागते. सरकी वेगळी करणारे यंत्र 1793 मध्ये आले, इंग्लंडच्या आणि न्यू इंग्लंडच्या गिरण्या कापूस मागतील तेवढा कमी पडू लागला, आणि व्हर्जिनिया-मेरीलँडच्या कसहीन झालेल्या जमिनींवरून माणसे विकली जाऊन अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेली जाऊ लागली. 1820 मध्ये देशात 15 लाख गुलाम होते. 1860 मध्ये जवळपास 40 लाख. देशांतर्गत बाजारातून आणि मालकांबरोबर दक्षिणेकडे हलवल्या गेलेल्या माणसांचा इतिहासकारांचा अंदाज सुमारे दहा लाखांचा आहे. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, मुले कुठे गेली ते कायमचे अज्ञात. ज्या काळाला आपण तडजोडीचा काळ म्हणतो, तो या बाजाराच्या भरभराटीचा काळ होता.

त्या जमिनी मोकळ्याही नव्हत्या. चेरोकी या मूळनिवासी लोकांकडे स्वतःची लिपी होती, 1827 पासून लिखित घटना होती, 1828 पासून स्वतःचे वर्तमानपत्र होते. 1829 मध्ये जॉर्जियात सोने सापडले आणि 1830 मध्ये मूळनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा प्रतिनिधीगृहात 102 विरुद्ध 97 मतांनी मंजूर झाला. पाच मतांचा फरक. गुलामांची डोकी पाचात तीन या प्रमाणात मोजून दक्षिणेला ज्या जादा जागा मिळत होत्या, त्या या पाचापेक्षा कितीतरी अधिक होत्या. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तो जॉर्जियाने मानला नाही आणि जॅक्सन यांनी मानायला लावला नाही. 1835 मध्ये चेरोकींतल्या एका छोट्या गटाकडून करार लिहून घेण्यात आला. त्याविरुद्ध 15 हजारांहून अधिक चेरोकींच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला. सिनेटने तरीही आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत एका मताच्या फरकाने गाठून तो करार मंजूर केला. 1838-39 च्या त्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे चार हजार माणसे मेली, असे साधारणपणे मानले जाते. त्यांच्या शेतांच्या चिठ्ठ्या तर जॉर्जिया सरकारने 1832 पासूनच लॉटरीने वाटायला सुरुवात केली होती.

या स्थलांतराच्या कायद्याला झालेल्या विरोधातून एक नवी गोष्ट जन्मली, आणि माझ्या दृष्टीने ती त्या अख्ख्या काळातली सर्वांत महत्त्वाची आहे. कॅथरीन बीचर यांच्या पुढाकाराने 1829-30 मध्ये अनेक राज्यांतल्या बायकांनी मूळनिवासींच्या बाजूने काँग्रेसकडे अर्ज पाठवले. बायकांना मत नव्हते. लग्न झालेल्या बाईला बहुतेक राज्यांत स्वतःच्या नावावर मालमत्ताही ठेवता येत नव्हती. अर्ज करण्याचा हक्क तेवढा घटनेतल्या शब्दांत सर्वांचा होता. दारूबंदीच्या सभा, चार्ल्स फिनी यांची धर्मजागरणे, चर्चची शिवणमंडळे यांतून गावोगाव बायकांचे जाळे विणले गेलेच होते. वाफेवरच्या छपाईने छापील अर्ज स्वस्त केले. 1833 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा हे सगळे तिच्या हाताशी होते. छापील अर्ज घ्यायचा, वस्ती वाटून घ्यायची, दार ठोठवायचे, शिव्या ऐकायच्या, सही घ्यायची, पुढच्या दारी जायचे.

मागणी तरी किती मोठी होती? राज्यांमधली गुलामगिरी काँग्रेसच्या हातात नाही हे अर्जदारांना माहीत होते. त्यांनी मागितले ते राजधानीपुरते: डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियावर काँग्रेसची थेट सत्ता आहे, तिथली गुलामगिरी आणि माणसांची खरेदी-विक्री थांबवा. त्यावर 26 मे 1836 रोजी प्रतिनिधीगृहाने 117 विरुद्ध 68 मतांनी ठराव केला की गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता बाजूला ठेवला जाईल आणि त्यावर पुढे काहीच होणार नाही. दक्षिणेच्या आग्रहाला उत्तरेतल्या डेमोक्रॅटांनी मते पुरवली. व्हॅन ब्युरेन तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीतले उमेदवार.

त्या सभागृहात एक म्हातारा बसत असे. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, माजी राष्ट्राध्यक्ष, 1828 मध्ये जॅक्सनकडून हरलेले, आणि मग मॅसॅच्युसेट्समधून साधे प्रतिनिधी म्हणून निवडून आलेले. ते मूळचे चळवळीतले नव्हते. परराष्ट्रमंत्री असताना फ्लोरिडा मिळवून देशाची हद्द त्यांनीच पॅसिफिकपर्यंत नेणारा करार केला होता. पण अर्ज विचारात घ्यायलाच बंदी, हे त्यांना सहन झाले नाही. 6 फेब्रुवारी 1837 रोजी त्यांनी सभापतींना विचारले, आपल्याकडे एक अर्ज आला आहे, तो गुलामांनी केलेला दिसतो. हा त्या नियमात बसतो का? सभागृहात कल्लोळ झाला. दक्षिणेतले सभासद ओरडत उठले, अ‍ॅडम्स यांच्यावर निंदाठराव आणा अशी मागणी झाली, कोणी अर्ज जाळून टाका म्हणाले.  मग अ‍ॅडम्स यांनी शांतपणे सांगितले की अर्जातली मागणी गुलामगिरी रद्द करण्याची नाहीच, उलट आहे. अर्जात काय आहे हे विचारण्याआधीच सभागृह पेटले होते. अर्ज कोणाचा, एवढ्यावरूनच. आणि हा गोंधळ पुढे कित्येक दिवस चालला.

त्या दिवशी सभापतींच्या खुर्चीत टेनेसीचे जेम्स पोक बसले होते. हे नाव लक्षात ठेवायला हवे.

गप्प बसवण्याचा परिणाम उलटा झाला. नियम आला आणि अर्जांचा पूर आला. पुढच्या वर्षांत हजारो अर्ज, लाखो सह्या, आणि सह्यांत बायकांचे प्रमाण मोठे. ज्यांना गुलामगिरीबद्दल फारसे काही वाटत नव्हते अशा उत्तरेतल्या माणसांनाही आपला अर्ज करण्याचा हक्क गेला हे कळले. फेब्रुवारी 1838 मध्ये अँजेलिना ग्रिम्के मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे बोलल्या. दक्षिण कॅरोलिनातल्या गुलाममालक घराण्यातली ही मुलगी. जे सांगत होती ते घरात पाहिलेले होते. त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियात चळवळीने बांधलेले सभागृह, पेनसिल्व्हेनिया हॉल, उघडल्यानंतर चार दिवसांत जमावाने जाळले. त्याआधी, नोव्हेंबर 1837 मध्ये, इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना गोळी लागून मेला होता. आग लावणारे कोण होते, याचे उत्तर या तारखांतच आहे.

नियम 3 डिसेंबर 1844 रोजी अ‍ॅडम्स यांच्याच ठरावाने 108 विरुद्ध 80 मतांनी रद्द झाला. पण सह्या गोळा करण्याची ती तालीम वाया गेली नाही. 1863-64 मध्ये स्त्रीहक्कांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी गुलामगिरी घटनेतूनच नाहीशी करा या मागणीसाठी सुमारे चार लाख सह्या जमवल्या, त्या तीस वर्षांपूर्वीच्या याच पद्धतीने.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत पक्षाचे नाव नाही, राष्ट्राध्यक्षाचेही नाही. पुण्यात बसून जोतीरावांनी श्रेय नेमके जिथे द्यायला हवे तिथे दिले, असे मला वाटते.

आता पोक. 1829 मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली होती, आणि मेक्सिकोच्याच टेक्सास प्रांतात अमेरिकेतून गेलेले कापूसवाले गुलाम घेऊन वसले होते. 1836 मध्ये त्यांनी बंड करून स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारले आणि त्याच्या घटनेत गुलामगिरीला संरक्षण दिले. हा प्रांत संघराज्यात घ्यायचा का? व्हॅन ब्युरेन आणि क्ले दोघांनाही हा प्रश्न निवडणुकीत नको होता. एप्रिल 1844 मध्ये दोघांनीही तातडीच्या विलीनीकरणाविरुद्ध पत्रे प्रसिद्ध केली. व्हॅन ब्युरेन यांना त्यापायी स्वतःच्याच पक्षाची उमेदवारी गमवावी लागली. ज्या दक्षिणेला सांभाळण्यासाठी त्यांनी पक्ष बांधला, तिने त्यांना बाजूला सारून पोक यांना उभे केले. क्ले पुढे टेक्सासबद्दल डळमळले, आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे पाच हजार मतांनी हरले, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही. तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने 15 हजारांवर मते घेतली होती. या पक्षामुळे पोक आले, टेक्सास आले, युद्ध आले, असा ठपका त्याच्यावर आजतागायत ठेवला जातो. मला तो अन्याय वाटतो. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या आणि दर महिन्याला भूमिका बदलणाऱ्या उमेदवाराला मत न देणारा दोषी, आणि भूमिका बदलणारा मात्र महान, हा कसला न्याय?

1846 मध्ये पोक यांनी वादग्रस्त पट्ट्यात सैन्य पाठवून मेक्सिकोशी युद्ध ओढवून घेतले. फेब्रुवारी 1848 च्या तहाने दीड कोटी डॉलरच्या बदल्यात पाच लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख मिळाला. त्याच महिन्यात, 21 तारखेला, प्रतिनिधीगृहात या युद्धातल्या सेनापतींच्या गौरवाचा प्रस्ताव मताला आला तेव्हा अ‍ॅडम्स यांनी मोठ्याने नकार दिला आणि काही क्षणांत ते आसनावरच कोसळले. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये बफेलो इथे फ्री सॉइल पक्ष स्थापन झाला. नव्या मुलखात गुलामगिरी नको, एवढीच त्याची अट. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन. उपराष्ट्राध्यक्षपदाचा, अ‍ॅडम्स यांचा मुलगा चार्ल्स फ्रान्सिस. व्हॅन ब्युरेन यांचे मन बदलले की पक्षातल्या अपमानाचा सूड होता, यावर वाद घालता येईल. पण एकवीस वर्षांपूर्वी ज्याने गप्प बसण्याचा आराखडा काढला, त्यालाच तो मोडलेल्या अवस्थेत पाहावा लागला, आणि मोडला तो सुधारकांच्या टोकाच्या भाषेने नव्हे. जमिनीच्या भुकेने मोडला.

इथे सुधारकांच्या बाजूच्या उणिवाही सांगायला हव्यात, आणि त्या किरकोळ नाहीत. मेक्सिकोकडून घेतलेल्या मुलखात गुलामगिरीला बंदी मागणारे डेव्हिड विल्मट उघड म्हणत की आपल्याला ही जमीन गोऱ्या श्रमिकांसाठी हवी आहे. फ्री सॉइलवाल्यांपैकी अनेकांना काळे गुलाम नको होते तसे काळे शेजारीही नको होते. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून आले आणि 1850 मध्येच त्याने मूळनिवासींना सक्तीच्या मजुरीत अडकवणारा कायदा केला. 1830 साली चेरोकींसाठी जागे झालेल्या उत्तरेने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. 1848 च्या जुलैत सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव झाला तेव्हा सभेतल्या अनेकांना तो जास्तच वाटला. त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस. गॅरिसन यांचे मतदानच न करण्याचे धोरण मला पटत नाही. घटनेला शिव्या देऊन मतपेटीपासून दूर राहणे म्हणजे मैदान सोडणे, हे डग्लस यांनी 1851 मध्ये ओळखले आणि ते गॅरिसनपासून वेगळे झाले. सुधारक निर्दोष नव्हते. पण प्रश्न पुढे ठेवायचाच, हा त्यांचा आग्रह बरोबर होता.

तडजोडीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की तिने वेळ मिळवून दिला. 1850 मध्ये युद्ध झाले असते तर उत्तर कदाचित हरली असती. पुढच्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, रेल्वे आली, कारखाने आले, आणि म्हणून 1861 मध्ये लढता आले. हे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण 1850 च्या तडजोडकारांनी वेळ यासाठी मागितला नव्हता. त्यांनी तो मागितला गुलामगिरी आहे तशी राहावी आणि चर्चा संपावी म्हणून. 1852 मध्ये दोन्ही पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यांत तेच लिहिले: हा निवाडा अंतिम आहे आणि हा विषय पुन्हा उकरून काढायला आमचा विरोध आहे. आणि त्या तडजोडीत काय होते? पळालेल्या गुलामांचा कायदा. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा अधिकार नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताला तो माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर फी, सोडला तर पाच. जादा कागदपत्रे करावी लागतात, असे त्याचे समर्थन दिले गेले. वेबस्टर यांनी 7 मार्च 1850 च्या भाषणात संघराज्याच्या नावाने या तडजोडीला पाठिंबा दिला. जून 1854 मध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलाम तरुणाला बॉस्टनच्या रस्त्यांतून सैनिकांच्या रांगांमधून जहाजावर नेले, तेव्हा दुकानांवर काळी कापडे टांगलेली होती आणि हजारो लोक दुतर्फा उभे होते. ज्या शहरात 1835 मध्ये गॅरिसन यांना जमावाने रस्त्यातून फरफटवले होते, ते हेच शहर.

अंतिम म्हणवला गेलेला निवाडा चार वर्षेही टिकला नाही. शिकागोहून पश्चिमेला रेल्वे नेण्यासाठी डग्लस यांना, म्हणजे इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना, कॅन्सस-नेब्रास्काचा मुलूख संघटित करून हवा होता. दक्षिणेची मते मिळवण्यासाठी त्यांनी 1820 ची मिसूरी रेषाच, म्हणजे जिच्या उत्तरेच्या मुलखात गुलामगिरीला बंदी होती ती रेषा, पुसून टाकली. व्हिग पक्ष संपला, कॅन्ससमध्ये रक्त सांडले, 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसला कुठल्याही प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालताच येत नाही असा निकाल दिला. ज्यांना व्यवहारी म्हणायचे, त्यांचा प्रत्येक व्यवहार असा पुढच्या जमिनीवर येऊन फुटत होता.

आणि तरी सवय सुटली नाही. लिंकन निवडून आल्यावर, फेब्रुवारी-मार्च 1861 मध्ये, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी एक घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली: राज्यांतल्या गुलामगिरीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार काँग्रेसला कधीही मिळू नये. लिंकन यांनी 4 मार्चच्या भाषणात तिला आपला आक्षेप नसल्याचे सांगितले. यापेक्षा मोठी हमी क्ले यांनाही कधी देता आली नव्हती. पण तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती आणि त्यातले एकही या हमीसाठी परत आले नाही. असलेली गुलामगिरी सुरक्षित राहण्याने त्यांचे भागत नव्हते. त्यांना नवा मुलूख हवा होता, आणि नेमका तेवढाच द्यायला लिंकन तयार नव्हते.